120 तासांत काय थांबवता येईल?

नरसंहार रोखण्याच्या कामात पदवीच्या विद्यार्थ्यालाही इंटर्नशिप करता येते, असं खानदेशातल्या कुठल्याही कॉलेजात सांगा, दोन प्रश्न ठरलेले. पहिला असा की नरसंहार जर्मनीत झाला, रवांडात झाला, त्याचा आमच्या जळगाव-धुळ्याशी काय संबंध? दुसरा असा की समजा संबंध असला, तरी विशीतल्या मुलामुलींनी करायचं काय? फौजा, पोलीस आणि संयुक्त राष्ट्रसंघ जिथे कमी पडले, तिथे एका सत्राची इंटर्नशिप कुठे पुरणार?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या पोटात आहे, म्हणून क्रमानं जाऊ.

1. नरसंहार कशाला म्हणायचं?

पोलंडमधून जीव वाचवून निघालेल्या राफाएल लेम्किन या ज्यू वकिलानं 1944 मध्ये या गुन्ह्याला पहिल्यांदा स्वतंत्र नाव दिलं. पुढे 9 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं त्याबद्दलचा करार मंजूर केला. भारतानं 1959 मध्ये त्याला मान्यता दिली. एखाद्या राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गटाला, तो गट आहे म्हणूनच, पूर्णपणे किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूनं केलेली कृत्यं म्हणजे नरसंहार, असं हा करार सांगतो. त्यात ठार मारणं येतंच. पण गंभीर शारीरिक-मानसिक इजा करणं, जगणंच अशक्य होईल अशी परिस्थिती लादणं, जन्म रोखणं आणि मुलं हिरावून दुसऱ्या गटात नेणं हेही येतं.

म्हणजे मृतांचा आकडा हा निकष नाही, हेतू हा निकष आहे. म्हणूनच प्रत्येक दंगलीला किंवा झुंडबळीला नरसंहार म्हणणं चूक आहे. शब्द असा सैल वापरला की खरी वेळ येते तेव्हा तो कुणी ऐकत नाही. पुढे राईनपाड्याची हकीकत येईल. तो नरसंहार नव्हता. पण तिथपर्यंत नेणाऱ्या पायऱ्या आणि नरसंहारापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या बऱ्याच अंतरापर्यंत एकच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयानं 2014 मध्ये धोक्याचे 14 घटक नोंदवणारी एक चौकट प्रसिद्ध केली. तीही याच समजुतीवर उभी आहे. हत्याकांड कोणत्या कलमात बसेल हे नंतर ठरतं. ते येताना कसं दिसतं, हे आधी ओळखता येतं.

2. पानावरचा ठिपका

रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला करपा समजावून सांगावा लागत नाही. खालच्या, जुन्या पानांवर बारीक पिवळसर ठिपके दिसले की तो ती पानं कापून बागेबाहेर नेतो. ठिपके मोठे होऊन एकमेकांना भिडले, पान वाळून लोंबायला लागलं, की फवारणीचा खर्च वाढतो आणि घडही भरत नाही. खालचं पान रोज बघणारा माणूस बागेत हवा, एवढंच खरं.

नरसंहाराआधीही असे ठिपके दिसतात. ग्रेगरी स्टँटन या अमेरिकी अभ्यासकानं 1996 मध्ये नरसंहाराच्या पायऱ्या मांडल्या. आधी आठ होत्या, पुढे दहा झाल्या. ‘आपण’ आणि ‘ते’ अशी विभागणी, ‘त्यांना’ खुणा चिकटवणं, त्यांचे हक्क नाकारणं, त्यांचं माणूसपण काढून घेणं, मारणाऱ्यांची संघटना, मधल्या समंजस लोकांना गप्प करणं, तयारी, छळ, संहार, आणि शेवटी झालंच नाही म्हणून नाकबुली. या पायऱ्या एकामागून एकच येतील असं नाही. तीन-चार एकाच वेळी चालू असतात.

रवांडाचं उदाहरण घ्या. एप्रिल 1994 मध्ये कत्तल सुरू झाली आणि सुमारे 100 दिवसांत अंदाजे 8 लाख माणसं मारली गेली. पण आरटीएलएम हे रेडिओ केंद्र 1993 पासूनच तुत्सी लोकांना झुरळं म्हणत होतं. गाणी, विनोद, गावगप्पा यांच्या मध्ये पेरून. कत्तलीच्या आधीचे कितीतरी महिने हा आवाज रोज कानावर पडत होता. 2003 मध्ये रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरणानं या केंद्राच्या संस्थापकांपैकी दोघांना दोषी ठरवलं. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा तो प्रकार होता.

3. खानदेशाचं जुनं दप्तर

आता संबंध काय, या प्रश्नाकडे येऊ. पेशवाईच्या अखेरच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, खानदेशात दुष्काळ, लुटालूट आणि अंदाधुंदी होती. डोंगरातले भिल्ल लुटीला उतरले आणि त्याचा बदला सगळ्या जमातीवर घेतला गेला. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये याची नोंद आहे. धरणगाव, चाळीसगाव, अंतूरचा किल्ला ही त्या कत्तलींच्या संदर्भात येणारी ठिकाणं. माफीचं वचन देऊन बोलावून घ्यायचं आणि आलेल्यांना मारायचं, ही पद्धत. आज त्याला कोणतं कलम लावलं असतं हा वकिलांचा प्रश्न आहे. पण ‘भिल्ल म्हणजे चोर’ हे समीकरण आधी पक्कं झालं होतं, आणि म्हणून कोण चोर आणि कोण नाही हे विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही, एवढं त्या पानांतून स्वच्छ दिसतं. पुढे 1825 मध्ये जेम्स आउट्रमनं भिल्ल पलटण उभारली, तीही धरणगावातच. तिची गोष्ट गावात आजही सांगितली जाते. तिच्या आधीची कत्तल मात्र शाळेच्या पुस्तकात नाही. स्टँटनची शेवटची पायरी नेहमी आरडाओरडा करून येत नाही. कधी ती नुसतं गप्प राहण्यातून येते.

दुसरी नोंद 1970 ची. 7 मे रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवेळी दंगल पेटली आणि दुसऱ्याच दिवशी, 8 मे रोजी, जळगावात. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगानं या दंगलींची चौकशी केली. आयोगाच्या नोंदीनुसार जळगावात 43 माणसं मेली. त्यांपैकी 42 मुसलमान आणि एक हिंदू. तेव्हा मोबाइल नव्हता. भिवंडीची बातमी आणि तिच्यावर चढलेली अफवांची पुटं, दोन्ही जळगावात पोचायला तरीही एक दिवस पुरला.

धुळ्यात 6 जानेवारी 2013 रोजी मच्छीबाजार भागात हॉटेलच्या बिलावरून वाद झाला. त्याची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मेले. बिलाचा वाद दोन माणसांचा होता. तो दोन समाजांचा कसा होतो, कोणत्या मिनिटाला होतो, हे शिकण्यासारखं आहे.

दप्तरात आशेचंही एक पान आहे, ते भिवंडीचं. 1988 मध्ये तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं, दुकानदार, कामगार, आणि त्यांच्यासोबत एक पोलीस. भांडण नसतानाही नियमित बसायचं, हा नियम. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा, 1970 मध्ये होरपळलेली भिवंडी शांत राहिली. रोखण्याचं काम दिसतं कसं, असं कुणी विचारलं तर मी याच समित्यांकडे बोट दाखवतो.

4. राईनपाडा, 1 जुलै 2018

साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पिंपळनेरच्या बाजूला राईनपाडा आहे. आदिवासी वस्ती. त्या दिवशी रविवार होता आणि गावचा आठवडे बाजार भरला होता. पाच माणसं एसटीतून उतरली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा व्यवसाय. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं. मुलं पळवणारी टोळी आली, अशी आवई उठली. बाजारातली गर्दी धावली. पाचही जणांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि त्या खोलीत काठ्या-दगडांनी ठेचून मारलं.

या बाजारात त्या दिवशी आधीपासून काय साचलं होतं, ते बघायला हवं. त्या महिन्यांत देशभर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटरसायकलवर दोघं येतात, एका पोराला उचलून नेतात. पाहणाऱ्याचा जीव वर-खाली व्हावा असा. मूळ फिल्म कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. मूळ शेवटात तेच मोटरसायकलस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि हातात फलक धरून पालकांना सावधगिरीचा संदेश देतात. कुणीतरी शेवटचा तुकडा कापला. उरलं ते नुसतं अपहरण. पाकिस्तानातली जनजागृती भारतात कुणाच्या तरी मरणाचं कारण झाली.

आणि गोसावी? भटके-विमुक्त म्हणून ज्यांच्याकडे आपण संशयानं बघतो, त्या संशयालाही इतिहास आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. पण तो सगळ्याच भटक्यांकडे बघायची जी नजर देऊन गेला, ती अजून बाजारात फिरते. अफवा नवी होती, जमीन जुनी नांगरलेली होती.

त्याच दिवशी रात्री शेजारच्या मालेगावातही अशीच अफवा उठली. एका लहान मुलासह पाच जणांना जमावानं घेरलं होतं. तिथे पोलीस वेळेवर पोचले आणि पाचही जण वाचले. एकच दिवस, एकच अफवा, दोन निकाल. माझ्या मते हा सगळा विषय या दोन गावांमधल्या फरकात आहे.

नंतर बरंच झालं. व्हॉट्सॲपनं जुलै 2018 मध्येच भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. 17 जुलै 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तहसीन पूनावाला खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमायला सांगितलं. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 103(2) आलं. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात किंवा समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनाला त्यात जन्मठेप किंवा फाशी आहे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, राईनपाड्यानंतर बरोबर सहा वर्षांनी.

5. एक निरोप तपासून पाहू

सुझन बेनेश या अमेरिकी अभ्यासिकेनं धोकादायक बोलणं ओळखायला पाच प्रश्न सुचवले आहेत. सांगतोय कोण? ऐकतोय कोण? निरोपात काय आहे? परिस्थिती काय आहे? आणि तो कशातून येतोय? समजा, गावच्या ग्रुपवर असा निरोप आला: ‘सावधान! आपल्या भागात बाहेरून टोळी आली आहे. कालच शेजारच्या गावातून तीन मुलं नेली. पोलीस काही करत नाहीत. दिसले की सोडू नका.’

सांगणारा अनोळखी असता तर एवढं बिघडलं नसतं. पण निरोप पुढे पाठवलाय आपल्याच भाऊंनी किंवा गुरुजींनी, म्हणून वजन आलं. ऐकणारे आईबाप आहेत, पावसाळ्याच्या तोंडावर शेतात जाताना लेकरं घरी ठेवणारे. निरोपात भीती आहे, ‘बाहेरचे’ आहेत, पोलिसांवरचा अविश्वास आहे आणि शेवटी थेट कृती सांगितली आहे. परिस्थिती म्हणाल तर पोलीस ठाणं लांब. आणि माध्यम असं की खरं-खोटं विचारायला कुणी समोर नाही. पाचही दिवे लाल. यातलं एकही उत्तर बदलता आलं तर धोका उतरतो. बहुधा पहिलंच सोपं: ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांच्याचकडून खंडन यायला हवं.

आणि वेळ किती मिळतो? एकानं पाच ग्रुपवर टाकलं, प्रत्येकात 100 माणसं धरा. प्रत्येक ग्रुपातल्या एकानंच पुढच्या पाच ग्रुपवर टाकलं तर 25 ग्रुप, आणखी एकदा झालं तर 125. तिन्ही फेऱ्या मिळून 155 ग्रुप, 15,500 फोन. काही माणसं दोनदा मोजली गेली असतील, तरी एका तालुक्याच्या पट्ट्याला हे पुरेसं आहे, आणि लागतात फक्त 31 माणसं.

6. मग विद्यार्थी कशाला?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, म्हणजे ओजेटीला, 4 श्रेयांक असतात. एका श्रेयांकाला 30 तास धरले जातात. झाले 120 तास. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. राईनपाड्याचा परिसरही त्यातलाच. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकालाही वर्षाला 120 तास द्यावे लागतात. म्हणजे तास आहेत. ते बहुतेक वेळा कुठल्यातरी दुकानातून किंवा कार्यालयातून सही-शिक्का आणण्यात जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

न्यूयॉर्कलाही दार आहे. संयुक्त राष्ट्रांची इंटर्नशिप दोन ते सहा महिन्यांची असते, बिनपगारी, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च स्वतःचा. ज्याला जमेल त्यानं जरूर अर्ज करावा. पण तिथला तज्ज्ञ राईनपाड्याच्या बाजारात उतरला तर त्याला कोकणी समजणार नाही, मावची, भिली, अहिराणी समजणार नाही. पिंपळनेरच्या कॉलेजातल्या मुलीला यातली किमान एक आईच्या दुधाबरोबर मिळालेली असते. तिचा मामा बाजारात भाजी विकतो, आत्या आशा वर्कर आहे. तिचा शब्द पोचतो. इथे विशीतली मुलगी कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा सरस ठरते.

तास असे वाटता येतील. पहिले 20 शिकण्याचे: करार, पायऱ्या, पाच प्रश्न, आणि कायदा. जळगावला जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ 2012 पासून उघडं आहे. संग्रहालय आणि ग्रंथालय दोन्ही तिथे आहेत.

पुढचे 40 आठवडे बाजाराचे. आठ बाजार, प्रत्येकी पाच तास. कोणत्या हंगामात बाहेरचं कोण येतं, हे दुकानदारांना विचारायचं. डवरी गोसावी, नंदीवाले, बहुरूपी, घिसाडी यांची पालं पडतात तिथे जाऊन, त्यांच्या परवानगीनं, त्यांची कहाणी त्यांच्या तोंडून ऐकायची आणि गावाला ऐकवायची. कुठून आलात, रात्री कुठे थांबता, मुलं शाळेत जातात का. मग सरपंच, पोलीस पाटील, बीट अंमलदार, आशाताई, एसटीचा वाहक, चहावाला यांना एकदा एकत्र बसवायचं आणि एक कागद तयार करायचा: बाजारात गलका झाला तर पहिल्या दहा मिनिटांत कोण कुणाला फोन करील, त्या परक्या माणसांना कोणत्या दारामागे नेलं जाईल, कुलूप कुणाकडे असेल. राईनपाड्यात ग्रामपंचायतीची खोली होती. तिचं दार बाहेरच्यांना वाचवण्यासाठी बंद करायचं, हे आधी ठरलेलं नव्हतं.

पुढचे 30 तास फोनचे. आपण ज्या ग्रुपवर आहोत तिथेच. लपून दुसऱ्यांच्या ग्रुपात शिरायचं नाही. आलेला निरोप तारखेसह नोंदवायचा, चित्र आधी कुठे आलं होतं ते शोधायचं, पाच प्रश्न लावायचे, आणि खरं काय ते स्थानिक बोलीत एक मिनिटाच्या ध्वनिनिरोपात, गावानं मानलेल्या माणसाच्या आवाजात परत पाठवायचं. लिहिलेलं खंडन मी फार उपयोगी मानत नाही. अफवा आवाजात आणि चित्रात येते, उत्तर परिपत्रकाच्या मराठीत जातं. ते कुणी वाचत नाही.

उरलेले 30 स्मरणाचे. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ इतिहासाचार्य राजवाड्यांच्या निधनानंतर 1927 पासून कागद सांभाळत आहे. तिथे, जिल्हा ग्रंथालयात, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींत बसून एका गावाची, एका घटनेची नोंद काढायची. 1970 च्या जळगावात कुणी कुणाला घरात लपवलं, हे सांगणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.

साने गुरुजींनी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 शिकवलं आणि पुढे आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्याची भाषा शिकावी, त्यांच्या घरी राहावं. ती कल्पना देशाच्या नकाशावर जेवढी लागू आहे तेवढीच साक्री आणि मंगळवेढ्याच्या मध्येही लागू आहे.

7. दोन गोष्टी करायच्या नाहीत

पहिली, याद्या. उत्साही विद्यार्थी सर्वेक्षण म्हटलं की घरोघर जात-धर्म लिहायला बसतो. इथे ते घातक आहे. रवांडात बेल्जियन राजवटीपासून ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ते छापलेलं असे. 1994 मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड बघून माणसं मारली गेली. आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायद्याखाली भटक्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. संरक्षणाच्या नावानं पुन्हा हजेरी सुरू होता कामा नये. यादी करायची ती मदत करणाऱ्यांची: कुणाचा फोन, कुणाचं दार, कुणाची गाडी. ज्यांना धोका आहे त्यांची नाही.

दुसरी, जमावापुढे उभं राहणं. इंटर्न हा शिकाऊ आहे. गर्दी जमली की 112 ला फोन, मुलाबाबत शंका असेल तर 1098, ठरलेल्या माणसांना निरोप, आणि स्वतः बाजूला. कॉलेजनं हे लेखी द्यावं, पालकांची संमती घ्यावी, आणि सोबत एक शिक्षक कायम असावा. या अटी पाळता येत नसतील तर इंटर्नशिप सुरूच करू नये.

विभागप्रमुखांना माझी विनंती आहे. पुढच्या सत्राच्या ओजेटीची यादी लावताना पतसंस्था, मेडिकल स्टोअर आणि संगणक केंद्राच्या खाली आणखी एक ओळ लिहा: आठवडे बाजार. पोलीस अधीक्षकांना पत्र द्या, कारण न्यायालयाच्या आदेशानुसार समन्वयाचं काम त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे. तहसीलदारांना त्या पत्राची प्रत द्या. आणि सुरुवातीला चारच विद्यार्थी घ्या, पण बाजाराची बोली बोलणारे घ्या.